विक्री आदेशाची फाईल संगणकात कशी सापडते



मागे एका गटसभेत एका बुजुर्ग सभासदाने उभे राहून मला विचारले, "साहेब, साखर विकली म्हणता, मग आमचं बिल कुठं अडलं?" मी ऊस विकासाचा माणूस. बेणे, लागण, खोडवा, खोडकीड हे माझे विषय. त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर सालीना 15 टक्के व्याज. पण कारखान्याची साखर बहुधा बँकेकडे तारण असते. निविदा उघडली की व्यापाऱ्याच्या नावे विक्री आदेश निघतो, व्यापारी पैसे भरतो, बँक तेवढी पोती मोकळी करते, मग डिलिव्हरी ऑर्डर, बीजक, ई-वे बिल आणि शेवटी ट्रक गेटबाहेर. त्यातच जून 2018 पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. म्हणजे एका विक्रीमागे आठ-दहा कागद झाले. हे सगळे स्कॅन करून त्या आदेशाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात.

दोन हंगामांपूर्वी असाच एक फोल्डर हरवला. हरवला म्हणजे संगणकातच होता, पण दिसेना. तीन ट्रक गेटवर उभे, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेले, आणि पैसे भरल्याची पावती त्या फोल्डरात. दोन दिवस गेले. तितके दिवस ती रक्कम आपल्या बिलाच्या उपयोगी पडली नाही.

का दिसेना, ते ऐकण्यासारखे आहे. साखरेचे वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर आणि हिशेबाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. 2023-24 च्या हंगामातली साखर एप्रिल 2024 मध्ये विकली, तर तिचा आदेश हिशेबात 2024-25 चा होतो. एका कारकुनाने हंगामाप्रमाणे फोल्डर केला, दुसरा हिशेबाच्या वर्षात शोधत बसला. शिवाय कागदावर आदेश क्रमांक तिरप्या रेघा देऊन लिहितात, पण विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. मग कोणी आडवी रेघ देतो, कोणी जागा सोडतो. एकाने तर आकडे मराठीत टाकले होते. आपल्याला ११७ आणि 117 एकच वाटतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे आहेत.

आपल्याकडे बांधीला जसे नाव असते तसेच हे झाले. तळ्याखालची बांधी म्हटले की गावात सगळ्यांना कळते, पण तलाठी गट नंबरच विचारणार. विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक आदेशाला आतला एक क्रमांक असतो, तो नाव बदलले तरी बदलत नाही. फोल्डरची गाठ त्या क्रमांकाशी बांधली पाहिजे, व्यापाऱ्याच्या नावाशी नाही. गोंदियाच्या एकाच पेढीचे नाव आमच्याकडे चार तऱ्हेने लिहिलेले सापडले!

आता स्क्रिप्ट म्हणजे काय? संगणकाला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. विंडोजमध्ये पॉवरशेल नावाची सोय आहे, त्यात ती लिहिता येते. आमच्या संगणक विभागातल्या मुलाने लिहिलेली चिठ्ठी थोडक्यात अशी. कारकुनाने टाकलेला आदेश क्रमांक घे. मराठी आकडे असतील तर इंग्रजी कर. पुढे शून्ये लावून चार आकडी कर, म्हणजे 117 चे 0117 होईल. नुसते 117 शोधले तर 1170 आणि 1117 सुद्धा समोर येतात. मग सॉफ्टवेअरच्या विक्री नोंदीत या आदेशाचा फोल्डर कोणता लिहिला आहे ते बघ. तिथे नोंद नसेल तर दोन्ही वर्षांच्या सगळ्या फोल्डरांतून हुडक. एक सापडला तर उघड. एकापेक्षा जास्त सापडले तर सगळ्यांची यादी दे, स्वतःच्या मनाने एक निवडू नको. ही शेवटची ओळ मी आग्रहाने घालायला लावली, कारण चुकीचा फोल्डर उघडून बीजक करणे हे फोल्डर न सापडण्यापेक्षा वाईट.

ही चिठ्ठी फक्त वाचते. नाव बदलत नाही, काही पुसत नाही. आधी नकलेवर चालवून पाहिली, मगच खऱ्या कामाला लावली.

खरा उपयोग मात्र उलट चालवल्यावर झाला. रोज संध्याकाळी ती सगळे आदेश तपासते आणि ज्यांना फोल्डरच नाही, किंवा ज्यांच्या फोल्डरात बँकेची पावती नाही, त्यांची यादी काढते. ट्रक गेटवर येण्याआधी उणीव कळते. तिला एक गोष्ट जमत नाही. भलत्याच आदेशाची पावती स्कॅन करून फोल्डरात टाकली, तर ती पावती आहे एवढेच तिला दिसते, आतला मजकूर माणसानेच वाचावा लागतो.

हीच युक्ती आता ऊस नोंदीला लावतो आहोत. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन सभासद निघतात आणि एकाचा सातबारा दुसऱ्याच्या फोल्डरात जातो. तरी लागणीची नोंद देताना नावाबरोबर सभासद क्रमांक आणि गट नंबर दोन्ही लिहून द्यावेत. खोडव्याची नोंद वेगळी द्यावी, ती लागणीच्या कागदात धरली जात नाही. मागच्या हंगामाची नोंद पावती जवळ असेल तर गट कार्यालयात येताना सोबत आणावी, जुन्या नोंदी जुळवण्याचे काम सध्या चालू आहे.