युद्ध संपले होते. तोफा भरलेल्या होत्या

नागपूरहून मोटारने वर्ध्याकडे निघाले म्हणजे वर्ध्याच्या अलीकडे धाम नदी लागते आणि तीरावरच्या टेकाडावर परमधाम आश्रम दिसतो. हे पवनार. एका थरारक लष्करी हकीकतीचा आरंभ या शांत जागेपासून केलेला पाहून वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण त्या हकीकतीतला पेच कळायचा तर आधी इथेच आले पाहिजे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी याच पवनारात विनोबा भावे भाषणाला उभे राहिले. हिंदुस्थानला न विचारताच व्हाइसरॉयने त्याला युद्धात ओढले होते. विनोबांचे सांगणे अगदी मोजके होते : या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी निवडलेले ते पहिले सत्याग्रही; जवाहरलालजींचा क्रमांक दुसरा. चार दिवसांनी विनोबांना अटक झाली.

पण माणूस गेलाच. कोणी पोटासाठी गेला, कोणी हौसेने, कोणी घरच्या कर्जासाठी. युद्ध संपेतो हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली आणि चिमुकले हिंदी आरमार दहापटीहून अधिक फुगले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. रोषणाई झाली, बिल्ले वाटले गेले. मग प्रश्न उभा राहिला, की या पोरांचे करायचे काय?

साहेबाला त्यांची गरज उरली नव्हती आणि घरी नोकरी नव्हती. गोऱ्या खलाशाचा पगार वेगळा, जेवण वेगळे, त्याच्याशी बोलण्याची रीतही वेगळी. ब्रह्मदेशाकडे आणि भूमध्य समुद्रात जाऊन आलेल्या या पोरांनी जग पाहिले होते. त्यातच १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. ज्यांच्याविरुद्ध आपण लढलो ते देशाचे वीर, मग आपण कोण? हा सवाल बराकीबराकींतून फिरू लागला.

मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे आरमारी ठाणे होते. नाव बोटीचे, पण पाण्याशी संबंध नाही. ती बिनतारी संदेशांची शाळा. १ डिसेंबर १९४५ हा आरमार दिन. शहरातली प्रतिष्ठित मंडळी पाहायला येणार, आणि सकाळी पाहतात तो भिंतींवर ‘चले जाव’! लिहिणारा सापडेना. २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिनलेक यांची भेट ठरली होती. तेव्हा पुन्हा तोच प्रकार झाला. या खेपेस मात्र बलाईचंद दत्त हा तरुण तारायंत्री पकडला गेला.

त्याच सुमारास आर. के. सिंग नावाच्या त्याच्या एका सोबत्याने वेगळाच मार्ग धरला होता. त्याने सरळ राजीनामा दिला. अधिकाऱ्यापुढे त्याने डोक्यावरची सरकारी टोपी काढून जमिनीवर टाकली आणि लाथाडली. त्याला तुरुंग मिळाला. ही टोपी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

ठाण्याचा मुख्य कमांडर किंग हा जिभेने फार सैल होता. त्याच्या शिव्या आणि खाण्यालायक नसलेले जेवण, यांनी ठिणगी पडली. १८ फेब्रुवारी १९४६ ला सकाळी ‘तलवार’वरच्या खलाशांनी न्याहारीला हात लावला नाही. अन्न नाही तर काम नाही! आता गंमत पाहा, लष्करी बंडाची सुरुवात झाली ती ताट बाजूला सारून. पवनारच्या तऱ्हेचाच नकार होता तो, फक्त अंगावर गणवेश होता.

हातात बिनतारी यंत्रे असलेल्यांची बातमी दडपणार कशी? दुसऱ्या दिवशी बंदरातल्या जहाजांवरून युनियन जॅक उतरले आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट यांची निशाणे शेजारी शेजारी चढली. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष अशी मध्यवर्ती संपसमिती झाली. कराची, कलकत्ता, मद्रास, पार एडनपर्यंत लोण गेले. अठ्ठ्याहत्तर जहाजे आणि वीस हजार खलाशी, असा आकडा सांगतात.

२१ तारखेला कॅसल बराकीला वेढा पडला आणि गोळी सुटली. वेढ्याला आधी मराठा पलटण होती. गोरे सैनिक पुढे आणले गेले. आतल्या पोरांनीही हत्यारे उचलली. बंदरातल्या जहाजांच्या तोफा तयार झाल्या. ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून बजावले, की सारे आरमार बुडाले तरी बेहत्तर, पण बंड मोडू. डोक्यावरून विमाने फिरू लागली. गेटवेपाशी मात्र मुंबईकर खाण्याची पुडकी घेऊन खलाशांसाठी उभे होते!

२२ ला गिरण्या बंद पडल्या. रस्त्यांवर गोळीबार झाला. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळीने ठार झाली. सरकारी हिशेबानेच दोनशेहून अधिक माणसे मेली आणि हजारावर जखमी झाली. हे सारे महायुद्ध संपून सहा महिने झाल्यावर! कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजाने तोफांना तोफांनी उत्तर दिले आणि शेवटी शरण आले. मुंबईत सरदार पटेलांनी निरोप धाडला : हत्यारे खाली ठेवा, कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस शिकस्त करील. २३ तारखेला सकाळी जहाजांवर काळी निशाणे चढली.

गांधीजी तेव्हा पुण्यास होते. त्यांना हा प्रकार रुचला नाही. नोकरी अपमानाची वाटत होती तर सोडायची होती, असे त्यांचे म्हणणे पडले. अरुणा असफअली यांना ते पटले नाही आणि दोघांचा वाद वर्तमानपत्रांत गाजला. प्रस्तुत लेखकाला गांधीजींविषयी पराकाष्ठेचा आदर आहे, पण इथे मन अडखळते. नोकरी सोडायची ती कशी? आर. के. सिंगने सोडून पाहिली होतीच की! पवनारात उभा असलेला माणूस ‘देणार नाही’ म्हणू शकतो. जो आधीच दिला गेला आहे त्याने काय म्हणावे? अर्थात भरवस्तीच्या तोंडावर तोफा रोखून जे झाले असते तेही डोळ्यांपुढे येते. त्या रात्री कोणा विशीतल्या पोराचे बोट चळले असते, तर गेटवे ते बोरीबंदर काय उरले असते?

शरणागतीनंतर धरपकड झाली. कित्येकांना मुलुंडच्या छावणीत डांबले, शेकडोंना नोकरीतून काढून टाकले. पटेलांच्या शब्दाचे काही चालले नाही. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आले, आरमार दोन देशांत वाटले गेले. काढून टाकलेल्या खलाशांना ना हिंदुस्थानच्या आरमाराने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. बलाईचंद दत्त पुढे पत्रकार झाले आणि १९७१ मध्ये त्यांनी ही सारी हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. लाथाडलेल्या टोपीची गोष्ट त्यात आहे.