शिष्टवचने

भेट, निरोप, विनंती, आभार, क्षमायाचना, अभिनंदन, सांत्वन इ. नित्याच्या प्रसंगी समाजात रूढ झालेली व प्रायः जशीच्या तशी उच्चारली जाणारी छोटी वाक्ये वा शब्द म्हणजे शिष्टवचने होत. परभाषा शिकू लागणारा मनुष्य बहुधा प्रथम हीच आत्मसात करतो. प्रवासी, व्यापारी, धर्मप्रसारक, सैनिक व स्थलांतरित मजूर यांच्यापैकी अनेकांचे परभाषेचे ज्ञान एवढ्यावरच थांबते. पाचदहा भाषांतील अशी वचने मुखोद्गत असणे व त्या भाषा येणे यांत मोठे अंतर आहे. तथापि ही वचने म्हणजे भाषेचा सर्वांत सोपा भाग असा जो समज आहे, तो भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

शिष्टवचनांतून माहिती अशी फारशी दिली जात नाही. ‘कसे काय?’ या प्रश्नाला प्रकृतीचे सविस्तर वर्तमान कोणी अपेक्षीत नाही. केवळ संबंध जोडण्यासाठी व टिकविण्यासाठी होणाऱ्या अशा भाषणाकडे ब्रॉनीस्लॉ मॅलिनोस्की (१८८४–१९४२) या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये प्रथम लक्ष वेधले. पुढे जे. एल्. ऑस्टिन (१९११–६०) यांनी दाखवून दिले, की ‘मी आभार मानतो’ हे विधान खरे वा खोटे नसते. ते उच्चारणे हीच आभार मानण्याची कृती असते. या वचनांचे महत्त्व त्यांच्या अभावी विशेष जाणवते. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्‌स फर्ग्युसन यांनी आपल्या कार्यालयातील सहकारी स्त्रीच्या सकाळच्या अभिवादनास केवळ स्मित करून, शब्दाने मुळीच उत्तर न देण्याचा प्रयोग केला. दुसऱ्याच दिवशी वातावरणात ताण निर्माण झाल्याचे त्यांनी १९७६ च्या आपल्या निबंधात नमूद केले आहे. मेंदूच्या आघाताने वाचा गेलेल्या रोग्यांना नवे वाक्य रचता येत नसले, तरी अभिवादनाचे शब्द पुष्कळदा उच्चारता येतात. ही वचने सुटे शब्द जुळवून तयार होत नाहीत, ती अखंड स्वरूपात स्मरणात राहतात, असे यावरून अनुमान केले जाते.

अखंड स्वरूपामुळेच त्यांचा मूळ शब्दार्थ झिजून जातो. रशियन ‘स्पासीबा’ (आभार) याचे मूळ ‘देव तारो’ अशा अर्थाच्या शब्दांत आहे. इटालियन ‘चाव’ हा व्हेनिसच्या बोलीतील ‘दास’ या अर्थाच्या शब्दाचा अवशेष होय. जुन्या मराठी पत्रांच्या मायन्यातील ‘दासानुदास’ याच कुळीचा आहे. इंडोनेशियन ‘तेरिमा कासिह’ याचा शब्दशः अर्थ ‘प्रेम स्वीकारा’ असा होतो, जॉर्जियन ‘गामर्जोबा’ या अभिवादनात विजयाची भावना आहे, तर ब्रह्मी ‘मिंगलाबा’ यात पाली ‘मंगल’ दडलेला आहे. जपानी ‘आरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला ही समजूत मात्र निराधार आहे, पोर्तुगीज जपानात पोहोचण्यापूर्वीच तो शब्द जपानी वाङ्मयात आढळतो. सर्वच वचने प्राचीन असतात असेही नाही. थायलंडमधील ‘सवात्दी’ हे अभिवादन संस्कृत ‘स्वस्ति’वरून फ्राया उपाकित सिल्पसान या विद्वानाने १९३० नंतरच्या दशकात चुलालाँगकॉर्न विद्यापीठात प्रचारात आणले व १९४३ मध्ये तेथील शासनाने ते अधिकृतपणे पुरस्कारिले. आज ते अनादिकाळापासून चालत आल्यासारखे वाटते.

एका भाषेतील वचनास दुसऱ्या भाषेत नेमका प्रतिशब्द असतोच असे नाही, आणि येथेच शिकणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. इंग्रजीतील ‘प्लीज’ला फिनिश भाषेत सर्व प्रसंगी चालणारा एक शब्द नाही, तेथे सौजन्य क्रियापदाच्या संकेतार्थी रूपाने व्यक्त होते. मराठीतही ‘कृपया’ हा शब्द फलकांवर व रेल्वेस्थानकावरील घोषणांत शोभतो. बोलताना मात्र ‘जरा’, ‘तेवढे’, ‘ना’ यांसारखे अव्यय आणि आदरार्थी अनेकवचन हेच काम करतात. ‘कृपया मीठ द्या’ म्हणणारा पाहुणा शुद्ध बोलतो, पण पंक्तीतला वाटत नाही. जपानी ‘सुमिमासेन’ हे क्षमायाचनेचे वचन उपकाराच्या प्रसंगी आभारार्थही योजतात, कारण घेणाऱ्याच्या मनात दुसऱ्याला पडलेल्या त्रासाची जाणीव प्रधान असते. तुर्कीत काम करीत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ (काम सुकर होवो) असे म्हणण्याची रीत आहे. अरबीत नुकतेच स्नान केलेल्या वा केस कापून आलेल्या व्यक्तीस उद्देशून ‘नईमन्’ हे खास वचन असून त्याचे प्रत्युत्तरही ठरलेले आहे. ज्याच्या भाषेत त्या प्रसंगी काहीच बोलावयाचे नसते, त्याला अशी वचने पाठ करूनही ऐनवेळी सुचत नाहीत.

व्याकरणही येथे सुटत नाही. पोर्तुगीजमध्ये आभार मानणारा पुरुष ‘ओब्रिगादो’ व स्त्री ‘ओब्रिगादा’ म्हणते. थाई भाषेत पुरुष वाक्याच्या अखेरीस ‘ख्रप’ व स्त्री ‘खा’ हा आदरनिपात जोडते. मराठीत निरोप घेताना पुरुष ‘येतो’ व स्त्री ‘येते’ म्हणते. ‘जातो’ हा शब्द अशुभसूचक म्हणून टाळला जातो, हे परभाषिकास कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

आभार : आभाराचे शब्द हे सौजन्याचे सार्वत्रिक माप मानण्याची प्रवृत्ती यूरोपीय प्रवाशांत दीर्घकाळ होती व अमुक लोकांच्या भाषेत आभाराला शब्दच नाही, सबब ते कृतघ्न, असे शेरे जुन्या प्रवासवर्णनांत विपुल सापडतात. हे अनुमान चुकीचे आहे. पाच खंडांतील आठ भाषांच्या घरगुती व अनौपचारिक संभाषणांचा तौलनिक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखाद्याने मागितलेली वस्तू वा मदत मिळाल्यावर शब्दांनी आभार मानल्याची उदाहरणे सरासरी वीसांत एक एवढीच आढळली. इंग्रजी व इटालियन भाषिकांत हे प्रमाण काहीसे अधिक होते. एक्वादोरमधील चापाला भाषेत ते शून्य होते. मदत मात्र सर्वत्र सारख्याच सहजतेने दिली जात होती. निकटच्या माणसांत परस्परसाहाय्य गृहीत धरलेले असते व तेथे आभार मानणे हे अंतर दाखविणेच ठरते. मराठी घरात आईने वाढलेल्या भाकरीबद्दल ‘धन्यवाद’ म्हटल्यास ती थट्टा किंवा रुसवा समजला जाण्याचा संभव अधिक. ‘धन्यवाद’ व ‘आभारी आहे’ यांचे खरे स्थान सभा, पत्रव्यवहार व अपरिचितांशी होणारा व्यवहार हे होय. गोव्यात कोकणी भाषिक ‘देव बरें करूं’ म्हणतात. त्यात ऋणाची कबुली नसून शुभेच्छा आहे, आणि म्हणून ते आप्तांतही अवघडत नाही.

अभिवादन व दर्जा : अभिवादनाचे शब्द कोणी कोणास उद्देशून वापरावयाचे, हे भारतीय समाजात फार पूर्वीपासून काटेकोरपणे ठरविले गेले. पाणिनीने प्रत्यभिवादनाच्या वाक्यातील अखेरचा स्वर प्लुत, म्हणजे लांबवून, उच्चारावा असा नियम सांगितला व शूद्राला उद्देशून असलेले प्रत्यभिवादन त्यातून वगळले. पतंजलीने व्याकरणाध्ययनाच्या प्रयोजनांत याचा उल्लेख केला आहे : ज्याला ही प्लुती ठाऊक नाही, त्याला स्त्रियांप्रमाणे नुसते ‘हा मी’ असे म्हणून अभिवादन करावे, असा प्रसंग आपल्यावर येऊ नये, म्हणून व्याकरण शिकावे. एका स्वराच्या लांबीत विद्या, वर्ण व लिंग या तिन्हींचा भेद साठविलेला होता.

महाराष्ट्रात ‘नमस्कार’, ‘रामराम’, ‘मुजरा’, ‘दंडवत’, ‘जोहार’ ही अभिवादने दीर्घकाळ जातींनुसार व अधिकारानुसार वाटली गेली होती. ‘जोहार’ हे महारांचे अभिवादन समजले जाई. सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये, अशी मागणी पेशवे दरबाराकडून झाल्यावरून मुंबईच्या इंग्रज शासनाने १७७९ मध्ये तशी मनाई केली. एक शब्द उच्चारण्यावरून दोन राजसत्तांत पत्रव्यवहार व्हावा, ही गोष्ट या विषयाचे गांभीर्य स्पष्ट करण्यास पुरेशी आहे. भक्तिसंप्रदायांनी यातून वेगळी वाट काढली. महानुभावांत परस्परांस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात; वारकरी ‘रामकृष्ण हरी’ म्हणून व कोणासही ‘माउली’ असे संबोधून एकमेकांच्या पाया पडतात. विसाव्या शतकात ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याचा प्रारंभ कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (१९०४–३९) यांनी केला असे मानले जाते. ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ म्हणणे हा केवळ शब्दाचा पालट नव्हता. मराठीच्या बहुतेक संभाषणपुस्तिकांत परभाषिकासाठी ‘नमस्कार’ एवढे एकच रूप दिलेले असते. ते कोठेही चालते हे खरे. पण त्याचे हे सर्वत्र चालणे अलीकडचे आहे.

संभाषणपुस्तिका : परभाषेतील तयार वाक्यांचे संग्रह प्राचीन काळापासून आढळतात. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात ग्रीक व लॅटिन अशा दोन स्तंभांत लिहिलेले शालेय संवाद उपलब्ध आहेत. त्यांत सकाळी उठणे, वडीलधाऱ्यांस अभिवादन करणे, स्नानगृहास जाणे असे प्रसंग येतात. मध्य आशियातील दुन्‌ह्‌वांग येथे मिळालेल्या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका हस्तलिखितात संस्कृत वाक्ये व त्यांचे खोतानी भाषांतर आहे. भारतातून चीनमध्ये मंजुश्री बोधिसत्त्वाच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूस प्रकृती विचारणे, कोठून आलात व कोठे जाणार असे पुसणे, असा त्याचा विषय आहे. संस्कृत भाषा त्या वाटेवर पांडित्यासाठीच नव्हे, तर कुशल विचारण्यासाठीही उपयोगी पडत होती, याचा हा दुर्मिळ पुरावा होय. नवव्या शतकातील जर्मन–लॅटिन ‘कासेल संभाषिते’ अधिक रोखठोक आहेत. दाढी कर, केस काप या मागण्यांबरोबरच बव्हेरियन लोक शहाणे व रोमन मूर्ख, असे वाक्यही त्यांत पाठ करण्यासाठी दिले आहे. कोरियात चिनी भाषा शिकविण्यासाठी चौदाव्या शतकात रचलेल्या ‘नोगोल्दे’ या ग्रंथात घोडे विकण्यास पेकिंगकडे निघालेल्या व्यापाऱ्यांचे संवाद आहेत. दुभाष्यांच्या शिक्षणात तो पुढे कित्येक शतके वापरात होता.

भारतात बाराव्या शतकात दामोदर पंडिताने ‘उक्तिव्यक्तिप्रकरण’ या ग्रंथात लोकभाषेच्या आधारे संस्कृत बोलण्याचा मार्ग दाखविला. यूरोपात नोएल व्हान बार्लमाँट याच्या फ्लेमिश–फ्रेंच पुस्तिकेची सोळाव्या शतकात एवढी लोकप्रियता वाढली, की शतकाच्या अखेरीस तिच्या आवृत्त्या आठ भाषांपर्यंत पोहोचल्या. डच दर्यावर्दी फ्रेडरिक द हौटमन हा सुमात्रातील आचे येथे कैदेत असताना मलायी भाषा शिकला व १६०३ मध्ये त्याने मलायी व मालागासी संवादांचे पुस्तक ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केले. मराठीपुरते पाहता, विल्यम कॅरी (१७६१–१८३४) यांच्या १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेल्या मराठी व्याकरणास नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते. छापलेल्या मराठी गद्याच्या आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना करावी लागते.

इंग्रज अधिकाऱ्यांसाठी तयार झालेल्या हिंदुस्थानी भाषेच्या पुस्तिकांबाबत मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. जॉन गिलख्रिस्ट (१७५९–१८४१) यांच्या पुस्तकांपासून पुढे त्यांत आज्ञार्थी वाक्यांचा भरणा आढळतो : पाणी आण, घोडा तयार कर, चूप राहा. चाकराचे आभार मानण्याची वा त्याची क्षमा मागण्याची वाक्ये त्यांत क्वचितच येतात. कोणत्या वचनांची गरज भासली नाही, यावरून बोलणाऱ्यांचे परस्परसंबंध जितके स्पष्ट होतात, तितके ते इतिहासग्रंथांतूनही होत नाहीत. भाषा अशी आज्ञेसाठी शिकली गेली, असे बर्नार्ड कोहन यांनी १९८५ च्या आपल्या प्रबंधात साधार दाखविले आहे.

शब्दशः भाषांतराचा धोका पेद्रू कारोलिनू याच्या १८५५ च्या पोर्तुगीज–इंग्रजी पुस्तिकेने जगाला दाखविला. त्याला इंग्रजी बहुधा येतच नव्हते. पोर्तुगीज–फ्रेंच पुस्तिकेवरून कोशाच्या साहाय्याने त्याने इंग्रजी वाक्ये बनविली. ‘ताटकळत राहणे’ या अर्थाचा फ्रेंच वाक्प्रचार त्यात माकड चावण्यावर जाऊन पोहोचला. पुस्तक गंभीरपणे लिहिलेले असूनही विनोदाचा नमुना म्हणून गाजले व १८८३ च्या अमेरिकन आवृत्तीस मार्क ट्वेन यांनी प्रस्तावना लिहिली. हल्ली पुस्तिकांची जागा भ्रमणध्वनीवरील यंत्रानुवादाने बऱ्याच अंशी घेतली आहे. कारोलिनूच्या तुलनेत यंत्राच्या चुका थोड्या. परंतु समोरची व्यक्ती वयाने, नात्याने वा मानाने कोण, ‘तू’ म्हणावे, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हे यंत्राला सांगितल्यावाचून कळत नाही, आणि पुष्कळदा सांगण्याची सोयही नसते.

शिकणाऱ्याच्या उच्चारातील व व्याकरणातील चुका लोक सहसा क्षमा करतात. शिष्टवचनातील चूक मात्र भाषेची न मानता स्वभावाची मानली जाते. वाक्य जितके अस्खलित, तितका हा गैरसमज अधिक, कारण अस्खलित बोलणाऱ्याकडून रीतिरिवाज जाणण्याचीही अपेक्षा केली जाते. म्हणून भाषाशिक्षणाच्या अलीकडच्या पद्धतीत वचनाबरोबर त्याचा प्रसंग, बोलण्याचा क्रम, प्रत्युत्तर, हात जोडणे किंवा वाकणे यांसारखे अंगविक्षेप आणि केव्हा गप्प राहावयाचे, हेही शिकवितात.

अनेक भाषांतील अभिवादनांचा सर्वांत दूर गेलेला संग्रह ‘व्हॉयेजर’ या दोन अमेरिकन अवकाशयानांवर आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या या यानांवरील सोनेरी ध्वनिमुद्रिकेत पंचावन्न भाषांतील अभिवादने असून त्यांत अक्कडियनसारख्या मृत भाषा आणि मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली इ. भारतीय भाषाही आहेत. बोलणाऱ्यांना ठराविक मजकूर दिलेला नव्हता. प्रत्येकाने आपल्या भाषेच्या रीतीप्रमाणे शब्द योजले. मराठी संदेशाचा आरंभ ‘नमस्कार’ने होतो. दक्षिण चीनमधील आमॉय बोलीत बोलणाऱ्या व्यक्तीने अवकाशातील मित्रांना जेवण झाले का, असे विचारून सवडीने घरी येऊन बसण्याचे निमंत्रण दिले आहे.