अष्टपैलूंचा काटा

गळीत हंगामात गाडीअड्ड्यावर एखादी तरी रात्र काढली नाही, असा सभासद विरळाच. नंबर लागेपर्यंत शेकोटीभोवती गप्पा रंगतात. उसाचा दर झाला, पाण्याची पाळी झाली, गावचे राजकारण झाले की गप्पांची गाडी हमखास क्रिकेटवर येते. आणि तिथे एक वाद ठरलेला असतो : सगळ्यांत मोठा अष्टपैलू खेळाडू कोण? पिकल्या मिशांचे आजोबा म्हणतात, "सोबर्ससारखा पुन्हा होणे नाही." मधल्या वयाचा गडी उसळून म्हणतो, "आरं, कपिलनं वर्ल्ड कप आणला, त्याच्यापुढं कुणाचं काय सांगतोस?" मोबाईलवर स्कोअर बघणारी पोरे कॅलिस, स्टोक्स, जडेजा ही नावे पुढे करतात. तोवर नंबर लागतो, गाडी काट्यावर जाते, ऊस गव्हाणीत पडतो. वाद मात्र तिथेच राहतो.

हा वाद कायमचा मिटविण्याचा पत्कर आम्ही घेत नाही. पण सभासद बंधूंनो, वाद घालायचाच तर आधी माप ठरवायला नको का? काटा बरोबर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आपण पावती घेतो का?

अष्टपैलू म्हणजे नुसत्या फलंदाजीवर किंवा नुसत्या गोलंदाजीवर संघात जागा मिळवू शकेल असा गडी. अशांची तुलना करण्याचे एक सोपे माप जाणकार वापरतात. फलंदाज एकदा बाद होईपर्यंत सरासरी किती धावा जमा करतो, ही झाली त्याची फलंदाजीची सरासरी. एक बळी मिळविण्यासाठी तो सरासरी किती धावा खर्च करतो, ही गोलंदाजीची सरासरी. जमेतून खर्च वजा करा. उरेल ती शिल्लक. आपल्या सोसायटीच्या खात्यासारखाच हिशोब.

आता खाती उघडून बघू. वेस्ट इंडीजचे सर गारफील्ड सोबर्स १९५४ ते १९७४ या काळात ९३ कसोटी खेळले. धावा ८०३२, सरासरी ५७.७८. बळी २३५, सरासरी ३४.०३. शिल्लक २३.७५. दक्षिण आफ्रिकेच्या जॅक कॅलिसने १९९५ ते २०१३ या काळात १६६ कसोटींत १३,२८९ धावा केल्या आणि २९२ बळी घेतले. सरासरी ५५.३७ आणि ३२.६५, शिल्लक २२.७२. पाकिस्तानच्या इम्रान खानची शिल्लक १४.८८, ऑस्ट्रेलियाच्या कीथ मिलरची बरोबर १४. इंग्लंडच्या इयन बॉथमची ५.१४, न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीची ४.८७. आपल्या कपिल देवची केवळ १.४१. आणि विनू मांकड? ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी; सरासरी ३१.४७ आणि ३२.३२. म्हणजे शिल्लक नाहीच, उलट ०.८५ नावे बाकी!

गाडीअड्ड्यावरचे पोर इथे टाळी मागेल. "बघा, तुमचे विनू मांकड तोट्यात!" पण थांबा. ज्या काट्यावर विनू मांकड तोट्यात दिसतात, त्या काट्याचीच एकदा तपासणी केली पाहिजे.

जून १९५२. भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर धावा होत्या शून्य! त्या कसोटीत मांकड नव्हते. लँकशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबशी करार झाल्याने ते तिकडे खेळत होते. लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीसाठी त्यांना क्लबकडून मागून घेतले गेले. या गड्याने काय करावे? सलामीला जाऊन ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. तेवढी षटके टाकून झाल्यावर पुन्हा पॅड बांधून सलामीला उतरले आणि १८४ धावा केल्या. इंग्लंडच्या शेवटच्या डावात आणखी २४ षटके. एकूण ९७ षटके आणि २५६ धावा. भारताने दोन्ही डावांत मिळून ६१३ धावा केल्या, त्यांपैकी २५६ एकट्याच्या! एवढे करूनही सामना आपण आठ गडी राखून हरलो. पण लोक आजही ती कसोटी मांकडांची म्हणूनच ओळखतात.

आता हिशोब असा बघा. त्या १९६ धावा सरासरीच्या खात्यावर खर्च म्हणून चढल्या. बळीमागे ३९ धावा पडल्या, म्हणजे वाईट गोलंदाजी! पण दुसरा कोणी गडी बाद करीत नसताना सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक बाजू लावून धरणाऱ्याच्या धावा वाढणारच. चौथ्या गोलंदाजाने येऊन शेपटाचे दोन गडी गुंडाळले तर त्याची सरासरी सुरेख दिसते. जू ज्याच्या मानेवर, घाम त्यालाच यायचा.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आडसालीचा फड आणि खोडवा एकाच काट्यावर तोलले जातात, पण त्यांच्या टनांची तुलना कोणी शहाणा करीत नाही. एक सोळा-अठरा महिने उभा राहिलेला, दुसरा बाराच महिन्यांचा. विहिरीवर मोट चालवून को ७४० पिकविणारा शेतकरी आणि आज ठिबकवर को ८६०३२ घेणारा त्याचा नातू, यांत कोण मोठा हे नुसत्या एकरी टनावर ठरेल काय? जमीन कशी होती, पाणी किती होते, हाताशी माणसे किती होती, हे विचारावे लागते.

खेळाडूच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारा. पहिला प्रश्न : त्याला काळ किती मिळाला? मांकडांचा जन्म १९१७ चा. १९३७-३८ साली लॉर्ड टेनिसनचा संघ भारतात आला तेव्हाच त्यांची चमक दिसली होती. पण मध्ये दुसरे महायुद्ध आले आणि पहिली कसोटी खेळायला १९४६ साल उजाडले. वय २९! त्याच दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी हजारावर धावा आणि शंभरावर बळी असा दुहेरी पराक्रम केला. मिलरचेही तेच, ऐन उमेदीची वर्षे लढाऊ विमानात गेली.

दुसरा प्रश्न : ओझे किती वाहिले? कॅलिसचे बळी त्याच्या कसोटींनी भागले तर दर कसोटीला पावणेदोनच येतात. त्याच्या जोडीला डोनाल्ड, पोलॉक, एन्टिनी, स्टेन अशी खंदी माणसे होती. त्याने हातभार लावला की काम भागत असे. सोबर्सचे अडीच. कपिलचे सव्वातीनच्या वर, मांकडांचे साडेतीनच्या वर, बॉथमचे पावणेचार, इम्रानचे चार. हॅडलीचे तर पाच. पण त्याची फलंदाजीची सरासरी २७.१६, म्हणजे तो आधी गोलंदाज. हे दुसरे माप लावले की पहिली यादी बरीच उलटीपालटी होते.

तिसरा प्रश्न : तो नसता तर संघाचे काय झाले असते? कपिलचा विचार इथे करायचा. १३१ कसोटी, ५२४८ धावा, ४३४ बळी, आणि त्यांतल्या कितीतरी कसोटी आपल्याकडच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर. वेगवान गोलंदाजाला तिथे काय मिळणार? खडकावर नांगर धरण्यासारखेच ते. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला मांडी दुखावलेली असताना त्याने २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली आणि आपण ५९ धावांनी जिंकलो. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी अवस्था असताना त्याने नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रीकरण नाही. पण तो नसता तर सातच दिवसांनी लॉर्ड्सवर विश्वचषक उचलायला कोण गेले असते? १.४१ या आकड्यात हे कुठे बसते?

परक्यांचे मोठेपणही मोकळ्या मनाने मानले पाहिजे. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. सूर्यग्रहणामुळे १६ तारखेला खेळाला सुट्टी दिली होती. त्या कसोटीत बॉथमने ५८ धावांत ६ आणि ४८ धावांत ७ असे १३ बळी घेतले, आणि इंग्लंड ५ बाद ५८ असताना येऊन ११४ धावा ठोकल्या. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, असे त्याआधी पुरुषांच्या क्रिकेटमध्ये कोणाला जमले नव्हते. मुंबईकरांनी आपला पराभव पाहिला, पण अष्टपैलू कशाला म्हणतात तेही पाहिले.

आणि सोबर्स? तो तर वेगळ्याच मातीचा. डावखुरा फलंदाज, १९५८ मध्ये पाकिस्तानविरुद्ध नाबाद ३६५. गोलंदाजीत वेगवान मारा, सरळ फिरकी आणि मनगटी फिरकी अशा तीन तऱ्हा एकाच हातात. वर १०९ झेल. कोणतेही माप लावा, हा गडी वरच्याच ओळीत राहतो. जुन्या माणसांचे म्हणणे इथे मान्य करावे लागते.

आपल्या मातीतली माणसेही विसरू नयेत. कोल्हापूरचे दत्तू फडकर : ३१ कसोटी, १२२९ धावा, ६२ बळी, १९४८ साली ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध ॲडलेडला १२३ धावा. नाशिकचे बापू नाडकर्णी : ४१ कसोटी, १४१४ धावा, ८८ बळी, जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला एका डावात ३२ षटके, २७ निर्धाव, धावा फक्त ५. पुण्याचे चंदू बोर्डे : ५५ कसोटी, ३०६१ धावा, ५२ बळी. यांची नावे जागतिक याद्यांत वर नसतील, पण संघाचा गाडा ओढणाऱ्यांत ती आहेत.

एक गोष्ट मनाला लागते. १९४७ साली सिडनीला मांकडांनी चेंडू टाकण्याआधीच पुढे सरकलेल्या बिल ब्राऊनला धावचीत केले. ते नियमात बसणारे होते; खुद्द ब्रॅडमनने तसे लिहून ठेवले. तरी जगाने त्या कृतीला मांकडांचे नाव चिकटवले आणि ते जणू शिवीसारखे वापरले. २०२२ साली नियमपुस्तकात ही बाब 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावचीत'मध्ये घातली गेली. न्याय मिळाला, पण मांकड १९७८ सालीच गेले होते. त्यांचे नाव घ्यायचे तर ९७ षटके आणि २५६ धावांसाठी घ्यावे. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, त्यात १२ बळी त्यांचे होते, यासाठी घ्यावे.

तेव्हा पुढच्या खेपेला गाडीअड्ड्यावर वाद निघाला तर पोरांना आकडे जरूर वाचू द्या. आकडे खोटे नसतात. सोबर्सला पहिले पान द्यायलाही हरकत नाही. फक्त सरासरीनंतर एवढेच विचारा : त्याच्या वाट्याला जमीन कशी आली होती, आणि जुवाची दुसरी बाजू धरायला जोडीला कोणी होते का? मग विनू मांकडांच्या खात्यावरची ती ०.८५ ची बाकी कोणी कोणाला देणे लागते, ते आपोआप कळेल.