कोन बदलावा कसा?

मराठी घरात वाद्य म्हटलं की पेटी, तबला, फार तर एखादा तंबोरा. परदेशी संसार थाटल्यावर मात्र मुलांच्या शाळेपाठोपाठ, शेजाऱ्यापाजाऱ्यांपाठोपाठ कुठली कुठली वाद्यं घरात शिरतात. आमच्या घरात अशीच एक डोब्रो, म्हणजे रेझोनेटर गिटार आली. गेल्या वर्षी तिचा कोन बदलावा लागला. तेव्हा जे जे शिकलो ते इथे लिहितो आहोत. वाचकहो, कोन म्हणजे भूमितीतला नव्हे, आइस्क्रीमचा! फक्त हा पातळ अॅल्युमिनियमचा असतो आणि गिटारच्या पोटात बसतो.

साध्या गिटारमध्ये तारांचं कंपन लाकडी पाटीत उतरतं आणि पाटी बोलते. रेझोनेटर गिटारमध्ये ते धातूच्या कोनात उतरतं. स्पीकरचा कागदी पडदा जे काम करतो तेच काम इथे कोन करतो, फक्त विजेशिवाय. 1920 च्या दशकात विजेची गिटार नव्हती आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गर्दीत साध्या गिटारचा आवाज कुठल्या कुठे बुडून जाई. जॉर्ज बोशां या वादकाला मोठ्या आवाजाचं वाद्य हवं होतं. ते घडवलं जॉन डोपेरा यांनी. हे गृहस्थ स्लोव्हाकियातून लहानपणी कॅलिफोर्नियात आलेले, म्हणजे आपल्यासारखेच परदेशी बिऱ्हाड केलेले. 1927 च्या सुमारास त्यांची तीन कोनांची 'नॅशनल' गिटार बाजारात आली. पुढे मतभेद झाले, आणि 1928 च्या सुमारास डोपेरा बाहेर पडून भावांसह नव्या कारखान्याला लागले. 'डोपेरा ब्रदर्स'मधली आद्याक्षरं जोडून 'डोब्रो' हे नाव झालं. स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'चांगलं' असाही होतो. गंमत अशी, की 1930 च्या दशकात विजेची गिटार आणून या वाद्याचं मार्केट ज्यांनी खाल्लं, त्यांत बोशां स्वतःच आघाडीवर होते.

इतिहास सांगण्याचं कारण, कोन निवडताना तो कामाला येतो. या भांडणातूनच कोनाचे तीन प्रकार झाले आणि एकाचा कोन दुसऱ्याला चालत नाही.

पहिला प्रकार तीन कोनांचा. सहा-सहा इंचांचे तीन छोटे कोन आणि त्यांना जोडणारी टी-आकाराची पट्टी. आवाज गोड, लांबणारा. दुसरा 'बिस्किट'चा. साडेनऊ इंचांचा एकच कोन, टोक वर करून बसवलेला, आणि टोकावर बिस्किटासारखी लाकडी चकती. तारांची घोडी त्या चकतीवर. आवाज खणखणीत, पटकन उठणारा आणि पटकन विरणारा. जुन्या ब्लूज गायकांचा हा लाडका. 1985 च्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या रेकॉर्डच्या कव्हरवरची चकचकीत गिटार याच जातीची. तिसरा डोब्रोचा, 'स्पायडर'वाला. इथे साडेदहा इंचांचा कोन वाडग्यासारखा उताणा असतो आणि त्याच्या काठावर आठ पायांचा धातूचा कोळी उभा राहतो. घोडी त्या कोळ्याच्या पाठीवर. मधोमध एक स्क्रू कोळ्याला कोनाशी बांधतो. ब्लूग्रास संगीतात मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांब फिरवून वाजवतात ती बहुधा हीच.

आमची गिटार या तिसऱ्या प्रकारातली. शेजारी राहणाऱ्या अमेरिकन आजोबांनी ती तरुणपणी जुनी म्हणूनच घेतलेली. आमच्या मोठ्या लेकीला त्यांनी चार वर्षं दर शनिवारी शिकवलं. ऐंशी ओलांडल्यावर ते आपल्या मुलीकडे अॅरिझोनाला राहायला गेले आणि जाताना गिटार लेकीच्या हवाली केली. वर्षभरात तिचा आवाज बसला, वर एक खर्रखर्र सुरू झाली.

खर्रखर्र ऐकली की आधी कोनावर संशय घेऊ नये, हे पहिलं शहाणपण आम्हाला कारागिराने शिकवलं. झाकणाचा एखादा स्क्रू सैल असतो, घोडीची खाच झिजलेली असते, कधी तार नको तिथे टेकते. कोनाचा काठ ज्या कडेवर टेकतो ती कड सपाट नसली तरी आवाज फुटतो. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ती गुंजन मुद्दाम आणण्यासाठी. इथे नेमकं उलटं, प्रत्येक अनाहूत गुंजन शोधून काढून टाकायची. हे सगळं तपासून झालं तरी दुखणं राहिलं, म्हणून कोन बाहेर काढला. मधला भाग खचलेला आणि काठाला बारीक चीर.

आता प्रश्न नुसता सुट्या भागाचा राहिला नव्हता. लेकीचं म्हणणं, "मला आजोबांचाच आवाज हवा. नवा कोन घातला तर मग ही त्यांची गिटार कशी?" कारागिराने तीन वाटा सांगितल्या. जुना कोन सांधून घ्यायचा. पण चिरलेल्या पातळ पत्र्याचा भरवसा नाही. स्वस्तातला, साच्यात दाबून काढलेला कोन घ्यायचा. वाजेल, पण बोलेल कमी. किंवा लेथवर फिरवून, हाताने दाब देत घडवलेला 'स्पन' कोन घ्यायचा. फिरवताना पत्रा कठीण होत जातो, म्हणून पातळ असूनही तग धरतो. असे कोन करणारी मंडळी आजही आहेत. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली नॅशनल रेसोफोनिक आणि मेरिलँडमधल्या हेगर्सटाऊनचे पॉल बिअर्ड ही त्यांतली ठळक नावं. "नव्या कोनात खर्ज भरघोस, जुन्याचा कोरडा कडकपणा तसाच्या तसा येणार नाही," हेही त्याने आधीच सांगून टाकलं.

आम्ही तिसरी वाट धरली, पण जुना कोन टाकला नाही. कागदात गुंडाळून, तारीख लिहून डब्यात ठेवला. कोळी जुनाच राहू दिला. जुन्या वाद्यात मूळ भाग जपणं हे किमतीच्या दृष्टीनेही शहाणपणाचं, आणि लेकीच्या दृष्टीने तर तो प्रश्नच नव्हता. महिनाभराने तिने फोनवरून आजोबांना वाजवून दाखवलं. ते म्हणाले, खर्ज वाढलाय, वरच्या तारा पूर्वी जास्त चावायच्या. आणि मग, तो जुना आवाज शोधत बसू नकोस, उजव्या हाताची नखी जरा घोडीजवळ आण. लेक थोडी हिरमुसली, पण दुसऱ्या दिवसापासून हात घोडीजवळ गेला.

ज्यांच्या घरी असं वाद्य आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, मापात पाप नको. गिटारच्या नावावरून कोन मागवू नका. जुन्या कोनाचा व्यास, तो बसतो त्या खोबणीची खोली आणि कोनाची उंची मोजून घ्या. उंची चुकली तर तारा पट्टीपासून वर जातात किंवा टेकतात. दोन, कोन कुठे चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. म्हणून तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला. उघडायचंच झालं तर आधी पेन्सिलीने कोनाची आणि कोळ्याची दिशा खुणावून ठेवा. तीन, मधला स्क्रू हलक्या हाताने. तो आवळला की आवाज वाढतो हा गैरसमज आहे. जास्त आवळला तर कोनच वाकतो. चार, नव्या कोनावर लगेच निकाल देऊ नका. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे ते उलट लागू पडतं. सुरुवातीला आवाज आखडलेला, पत्र्यासारखा वाटतो, आणि रोज वाजवलं तर काही आठवड्यांत मोकळा होतो.

शेवटी खर्चाबद्दल. साध्या, नव्या गिटारमध्ये चांगला कोन घातला तर पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. जुन्या, 1930 च्या आसपासच्या वाद्याला मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नये. मग तो कोन तुमचा असो, की कुणी विश्वासाने सोपवलेला.