आठ कुत्रे, एक फासा

टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग गेमसाठी एकटंदुकटं जनावर लिहिणं सोपं असतं. अक्राळविक्राळ काहीतरी उभं करायचं, मार सोसायला भरपूर हिट पॉइंट द्यायचे, झालं. झुंड लिहायला बसलं की मात्र कल्पनाशक्तीच्या आधी आकडेमोड आडवी येते.

आमच्या गटाचं कॅम्पेन प्रलयानंतरच्या चंद्रपुरात चालतं. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या कोसळल्यात, खाणी धुमसताहेत, ताडोब्याचं जंगल शहरात शिरलंय. तिथे झुंडीने शिकार करणारं म्युटंट हवं होतं, आणि त्यासाठी रानकुत्र्यापलीकडे बघायची गरजच नव्हती. रानकुत्रा ऊर्फ कोळसून म्हणजे जेमतेम पंधरा किलोचं जनावर, पण आठ-दहा मिळून सांबर पाडतात. वाघासारखा गळा धरत बसत नाहीत. जिवंतपणीच फाडायला सुरुवात करतात. पांगलेल्या सोबत्यांना शीळ घालून बोलावतात. आणि शिकार पडल्यावर पिल्लांना आधी खाऊ देतात. यातलं काहीच मला बदलायचं नव्हतं. नाव ठेवलं शीळकुत्रा.

आता म्युटेशन. प्रलयानंतरच्या म्युटंटांचा सगळ्यात गाजलेला जुना खेळ म्हणजे १९७८चा ‘गॅमा वर्ल्ड’. त्यात माणसाएवढे ससे आहेत आणि ते धातूचं रबर करून टाकतात! तो अचाटपणा मला मनापासून आवडतो. पण आठ जनावरांना अशी एकेक शक्ती दिली की खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला दर फेरीत ती आठ वेळा आठवावी लागते, आणि तोवर खेळाडूंनी मोबाइल काढलेले असतात.

शिवाय नुसती संख्याच जीवघेणी असते. खेळाडूचं चिलखत १४, कुत्र्याचा हल्ला +१. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा वर पडलं की चावा बसला; शंभरात चाळीस वेळा. आठ जण एकावर तुटून पडले तर फेरीला सरासरी तीनाहून जास्त चावे, आणि पहिल्या लेव्हलच्या पात्राकडे हिट पॉइंट सहा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने १९१६ साली विमानयुद्धावरच्या पुस्तकात हे गणित मांडलंय: सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येत असेल तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. चाराचे आठ केले की झुंड दुप्पट नाही, चौपट भारी होते.

म्हणून म्युटेशन आणि हिशेब एकच करून टाकला. शीळकुत्रे दुखणं वाटून घेतात. सगळ्या झुंडीला मिळून २४ हिट पॉइंट. कुणालाही मारा, वजाबाकी त्याच आकड्यातून. दर तीन गेले की एक कुत्रा आडवा, आणि कोणता ते गेम मास्टर ठरवतो. एका माणसाला तिघांनी घेरलं तरी फासा एकदाच टाकायचा. पहिल्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्यामागे +१. म्हणजे तिघे मिळून शंभरात पन्नास वेळा चावतात, आणि पात्राला निदान पळायला वेळ मिळतो.

पळण्याचा नियम कुत्र्यांनाही हवाच. तो मी १९८१च्या ‘बेसिक डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून उचलला: पहिला जीव गेला की आणि निम्मे पडले की दोन साधे फासे टाकायचे, बेरीज मोरालच्या, म्हणजे हिमतीच्या, आकड्यापेक्षा जास्त आली तर झुंड पळाली. मोराल ठेवलं ८. अशाने ३६ पैकी २६ वेळा ती टिकते. माझ्या मते झुंडीचा स्वभाव या एका आकड्यात जितका दिसतो तितका दातांच्या वर्णनात दिसत नाही. नव्या पुस्तकांतून तो नियम गळत गेला आणि कुत्रीमांजरंसुद्धा शेवटच्या श्वासापर्यंत लढायला लागली.

चाचणीला कॅरमच्या काळ्या सोंगट्या कुत्रे म्हणून मांडल्या. एका खेळाडूने समोरच्या कुत्र्यावर भाला चालवला, फासा चांगला पडला, आणि गेम मास्टरने पार पलीकडच्या कडेची सोंगटी उचलली.

“अरे, तो का मेला? मी याला मारलं ना!”

“बघ की. तो तिकडे कोसळला. आणि हा अजून उभाच आहे.”

दोन फेऱ्यांत खेळाडूंना मेख कळली. मग जे झालं ते नियमात कुठेच नव्हतं. त्यांनी एक कुत्रा जाळ्यात धरला, खांबाला बांधला आणि त्यालाच भोसकायला लागले; न धावता, न चावे खाता, बांधल्या जागी सगळी झुंड संपवायची. हिशेबाने अगदी बरोबर होतं. टेबलावरच्या एकीने मात्र “मी यात नाही” म्हणून आपलं पात्र बाजूला काढलं.

मला युक्ती बंद करायची नव्हती. तिची किंमत वाढवायची होती. पानावर एक ओळ वाढवली: झुंडीतला कुणी जिवंत बांधलेला असेल तोवर मोराल ११. म्हणजे दोन्ही फाशांवर सहा-सहा पडल्याशिवाय एकही कुत्रा मागे फिरत नाही, आणि शिळेच्या टप्प्यात दुसरी झुंड असेल तर तीही येते. ही ओळ खेळाडूंना आधी दाखवायची नाही.