घरच्या घरी ग्लुटेन-फ्री स्कोन: गहू नाही, मैदा नाही, तरीही खुसखुशीत!

घरातल्या कुणाला सिलिअॅक आजार असल्याचं कळलं की पहिला प्रश्न पडतो, ‘आता खायचं काय?’ चपाती बंद, ब्रेड बंद, वाढदिवसाचा केकही बंद. मोठी माणसं समजून घेतात, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कसं समजावणार? सगळे केक खात असताना त्याच्या हातात केळं द्यायचं, हे आईबाबांनाही जड जातं. म्हणूनच आज आपण असे स्कोन करणार आहोत, जे त्यालाही खाता येतील आणि बाकीच्यांनाही आवडतील.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. कणीक ताणली जाते, ब्रेड फुगतो, तो यामुळेच. पण सिलिअॅक असलेल्यांच्या शरीरात ग्लुटेन गेलं की त्यांची रोगप्रतिकारक शक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. मग अन्नातलं पोषण नीट शोषलं जात नाही. पोट बिघडतं, वजन वाढत नाही, रक्त कमी होतं, मुलांची उंची खुंटते.

याचा संबंध गव्हाशी आहे हे दाखवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला. अशा उपासमारीच्या दिवसांतही सिलिअॅक असलेल्या मुलांची तब्येत सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर ती पुन्हा बिघडली! डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो यामुळे पक्का झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नुसत्या शंकेवरून मुलाचा गहू बंद करू नका. गहू खाणं चालू असतानाच रक्ताची तपासणी करावी लागते. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. त्यामुळे आधी डॉक्टर, मग पथ्य.

चेन्नईत राहता? मग अर्धं काम झालंच!

इडली, साधा डोसा, इडियप्पम, पोंगल हे सगळं मुळात तांदळाचं. किराणा दुकानात इडियप्पमसाठी अगदी बारीक तांदळाचं पीठ तयार मिळतं. ज्वारीला इथे सोलम म्हणतात, बाजरीला कंबु आणि नाचणी म्हणजे रागी. आपण उपासाला खातो तो साबुदाणाही याच राज्यातल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून मोठ्या प्रमाणावर तयार होतो.

पण गहू लपून बसतो अशा जागाही आहेत:

- हिंग: डबीतल्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तांदळाची इडली चालते, पण सांबार चालेलच असं नाही.
- रवा: रवा डोसा, रवा इडली, उपमा हे गव्हाचंच.
- माल्ट: दुधात घालायच्या अनेक पावडरींमध्ये जवाचं माल्ट असतं.

पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. तमिळमध्ये गव्हाला ‘गोदुमै’ म्हणतात, दुकानात विचारताना हा शब्द उपयोगी पडेल. आपल्या देशात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या पदार्थात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणून जमेल तिथे हाच शिक्का असलेली पिठं घ्या.

साहित्य (६ स्कोन)

- बारीक तांदळाचं पीठ १०० ग्रॅम
- ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम
- साबुदाण्याचं पीठ ४० ग्रॅम (साबुदाणा मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्या)
- इसबगोल १ टेबलस्पून
- बेकिंग पावडर २ टीस्पून
- साखर ३० ग्रॅम, मीठ चिमूटभर, वेलची पूड
- थंड लोणी किंवा बटर ६० ग्रॅम
- दही १०० ग्रॅम
- दूध लागेल तसं, साधारण पाव कप
- आवडत असतील तर बेदाणे

कृती

१. बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. चेन्नईच्या उकाड्यात ते हातातच वितळतं आणि मग स्कोन चिवट होतात.

२. सगळं कोरडं साहित्य एकत्र चाळा. इसबगोल चाळणीत अडकतं, ते नंतर घाला.

३. थंड बटर त्यावर किसा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा. ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसलं की थांबा.

४. दही आणि थोडं थोडं दूध घालून मऊ गोळा करा. गोळा जरा चिकटच हवा. आता तो झाकून १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात पीठ ओलावा शोषतं आणि खाताना कचकच लागत नाही. ग्लुटेनचं धरून ठेवण्याचं काम इथे इसबगोल करतं.

५. गोळा हाताने थापून अडीच सेंटिमीटर जाड ठेवा. हे स्कोन फार फुगत नाहीत, त्यामुळे पातळ थापू नका. वाटीने सरळ दाबून कापा, वाटी फिरवू नका.

६. वरून दूध लावा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटं भाजा. १० मिनिटं निवू द्या, गरम असताना ते लगेच मोडतात.

ओव्हन नाही? काही हरकत नाही. स्कॉटलंडमध्ये स्कोन पूर्वी तव्यावरच भाजत. दीड सेंटिमीटर जाड थापा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ६-७ मिनिटं भाजा.

टीप: दमट हवेत बेकिंग पावडर लवकर खराब होते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. भरपूर बुडबुडे आले तरच वापरा.

एक कणही महागात पडतो

पाककृती सोपी आहे, जपायचं आहे ते भांड्यांना. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्यामागून दळलेल्या ज्वारीतही तो येतो. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा. त्या मिक्सरमध्येही कधी गहू दळलेला नसावा. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा ठेवा. चपातीच्या पिठाचा हात बटरच्या डब्यात जाऊ देऊ नका. आजी-आजोबांना आणि स्वयंपाकाच्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा. ‘एवढ्याशाने काय होतंय’ असं कुणी प्रेमाने म्हणालं, तरी एवढ्याशानेही आतड्याला इजा होते.

खायचे कशाशी?

इंग्लंडमध्ये डेव्हनचे लोक स्कोनवर आधी क्रीम लावतात आणि मग जॅम, तर कॉर्नवॉलचे लोक आधी जॅम. आपण घरचं लोणी आणि मोरांबा लावूया, सोबत फिल्टर कॉफी. हे स्कोन त्याच दिवशी छान लागतात. उरलेले फ्रीझरमध्ये ठेवा आणि शाळेच्या डब्यासाठी गरम करून द्या.

आणि हो, फक्त ‘त्याच्यासाठी’ दोन स्कोन करू नका. पूर्ण घाणा करा आणि सगळ्यांनी एकाच ताटातून खा. ‘मी हे खाऊ शकतो ना?’ असं त्या दिवशी तरी त्याला विचारावं लागणार नाही.