ज्वालामुखीचें बेट आणि पंचगंगेचा कांठ

माँटसेराट हें वेस्ट इंडीजमधील एक लहानसें बेट. तेथील ज्वालामुखी इ. स. १९९५ मध्यें जागा झाला व बेटाचा दक्षिण भाग रिकामा करविण्यांत आला. तथापि उभें पीक व जनावरें टाकून बसणें शेतकऱ्यांस जमेना. ता. २५ जून १९९७ रोजीं तप्त राखेचा लोट डोंगरावरून खालीं आला व मनाई असलेल्या भागांत १९ माणसें दगावलीं. त्यांत शेतांवर गेलेले कित्येक होते.

हे लोक अडाणी होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्याच करवीर तालुक्यांतील प्रयाग चिखली व आंबेवाडी पाहा. १९८९ च्या महापुरानंतर या गांवांस सोनतळी येथें जागा देण्यांत आली. तरी २०१९ च्या ऑगस्टांत जुन्या चिखलीस पाण्याचा वेढा पडून तिचें बेटच झालें. माणसें होड्यांतून काढावीं लागलीं. गोठा, वैरण व ऊस जुन्या गांवालगत आणि बिऱ्हाड मात्र सोनतळीस, हें पहांटे म्हशीची धार काढणाऱ्यास कसें परवडावें?

आमची हयात सात-बाराचे उतारे चाळण्यांत गेली, म्हणून आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. पिकाची नुकसानभरपाई सहसा उताऱ्यावरील नांवास मिळते. वाट्यानें जमीन कसणाऱ्याचें नांव त्यांत बहुधा नसतें. शेतमजुराचें तर नसतेंच. त्यांची बुडालेली मेहनत कोणत्या रकान्यांत लिहावी? वाटेकरी व मजूर यांची यादी गांवानें मृगापूर्वींच करून ठेवावी, आणि सोनतळीस घरांबरोबर गोठ्यांपुरतीही जागा मागावी, असें आम्ही सुचवितों.